पहिल्या बाकापासून

आधी त्यांनी माझी कंपासपेटी टेबलावर उपडी केली. कर्कटक, गुण्या, कोनमापक, झिजलेलं खोडरबर, एसटीचं जुनं तिकीट. तिकीट दोन्ही बाजूंनी वाचलं. मग पॅडमागं पाहिलं. मग मॅडम म्हणाल्या, "मोजे काढ." मी काढले. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते सगळ्यांना दिसलं. मग मॅडम माझ्या मागं गेल्या आणि त्यांनी माझ्या वेण्या सोडल्या.

मायनं सकाळी तेल लावून चापूनचोपून घातलेल्या वेण्या. लाल रिबिनी. मॅडमनी केसांत बोटं घालून चिठ्ठी शोधली. बोटांना तेल लागलं तसं त्यांनी तोंड वाकडं केलं आणि रुमाल काढून एकेक बोट पुसलं.

चिठ्ठी नव्हती. असणार कुठून? पण चिठ्ठी सापडली नाही म्हणून कुणी "चुकलं आमचं" म्हणालं नाही. खुर्चीत बसलेले सर म्हणाले, "हुशार आहे. फेकून दिली असेल."

मी आठवीत होते. बिडकीनला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. तिथं एका संस्थेचा वर्ग चालायचा, जिल्ह्यातल्या हुशार मुलांसाठी. दर रविवारी गणित आणि विज्ञान, तेही शाळेत कधी न शिकवलं जाणारं. स्वतःची प्रयोगशाळा, मोठमोठे प्राध्यापक, सुटीत मुक्कामाचं शिबिर. फक्त चाळीस मुलं घ्यायचे. तिथं शिरलेली पोरं पुढं कुठं कुठं पोचली याची यादी त्यांच्या माहितीपत्रकात असायची. आमच्या गुरुजींनी ते माहितीपत्रक मला घरी न्यायला दिलं होतं. ती यादी मला पाठ झाली होती. मला त्या यादीत जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

परीक्षा एकाच दिवशी. सकाळी पहिला पेपर, तो लगेच तपासायचे, दुपारी यादी लावायचे. यादीत नाव असेल त्यांनीच दुसऱ्या पेपरला बसायचं. यादीत माझं नाव दुसरं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, फाटकाबाहेर इतर पालकांसोबत उभे होते. मी लांबूनच दोन बोटं दाखवली. त्यांना वाटलं दोन वाजता सुटणार. ते मान हलवून हसले.

तेवढ्यात शिपायानं माझा नंबर पुकारला आणि मला ऑफिसात, वर्ग चालवणाऱ्या सरांपुढं नेलं.

सगळी भानगड एका गणिताची होती. वर्तुळ काढून दिलेलं, त्याचा मध्य शोधायचा आणि कारण लिहायचं. माझे दादा गवंडी. बीड बायपासला इमारती उठत होत्या, तिथं त्यांचं काम. शाळेला सुटी असली की मी त्यांच्याबरोबर जायचे. टाकीचं सिमेंटचं गोल झाकण ओतलं की त्याच्या बरोबर मधोमध उचलायची कडी बसवावी लागते. कडी जरा बाजूला गेली की झाकण तिरपं उचललं जातं आणि कुणाच्या तरी पायावर पडतं. म्हणून दादा काय करायचे, तर लोखंडी गुण्याचा काटकोनाचा कोपरा झाकणाच्या कडेवर ठेवायचे. गुण्याचे दोन्ही हात जिथं कड कापतात तिथं खिळ्यानं खूण. त्या दोन खुणांवर दोरी धरून रेघ. मग कोपरा दुसऱ्या जागी ठेवून तसंच. दोन रेघा जिथं कापतात तिथं कडी. ही रीत त्यांना पैठण गेटच्या एका म्हाताऱ्या उस्तादानं दिलेली. "कोना किनारे पे रख, बाकी गुण्या बताता," एवढंच तो सांगायचा.

असं का होतं, हे मी दादांना विचारलं होतं. ते म्हणाले, "असंच असतंय." मला ते पटलं नाही. मी चार दिवस वहीवर त्रिकोण काढत बसले आणि कारण शोधलं. मध्यापासून कोपऱ्याकडं एक रेघ ओढली की दोन समद्विभुज त्रिकोण होतात, आणि सगळं उलगडतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं, आनंदानं.

पेपरात मी तेच लिहिलं.

सरांनी माझा पेपर पुढं धरला. "हा सिद्धांत दहावीला आहे. तू आठवीत. मग हे आलं कुठून?"

मी म्हणाले, "रीत दादांनी दाखवली. कारण मी शोधलं."

"दादा काय करतात?"

"गवंडीकाम."

"आडनाव काय म्हणालीस?"

मी आडनाव सांगितलं.

"बरं."

आडनाव ऐकल्यावर निघणारा हा 'बरं' आमच्याकडं पाळण्यातल्या लेकरालाही ओळखू येतो. सर मॅडमना म्हणाले, "जरा बघा हिचं." मग ते मोजे, त्या वेण्या.

सगळं झाल्यावर मी म्हणाले, "सर, दुसरं गणित द्या. इथंच सोडवते. तुमच्यासमोर."

सर म्हणाले, "ते नंतर बघू. वडलांना बोलवा."

हे वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. मी चोर आहे की नाही हे पाच मिनिटांत कळलं असतं. त्यांना कळून घ्यायचंच नव्हतं.

दादा आले. लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घालून आले होते. चपला ऑफिसच्या दाराबाहेर काढल्या. सरांच्या पायांत बूट होते, मॅडमच्या पायांत सँडल, शिपायाच्याही पायांत चपला. अनवाणी आम्ही दोघंच. माझे केस मोकळे बघून दादा दचकले. बसा असंही त्यांना कुणी म्हणालं नाही.

"तुमच्या मुलीनं नक्कल केलीय."

"नाय सायेब. ती रीत म्याच दाखवली तिला. झाकणाला कडी बसवताना आमी तसंच करतो."

सरांनी मॅडमकडं पाहिलं. "म्हणजे भूमिती तुम्ही शिकवता?"

मॅडम हसल्या. दारातला शिपाई हसला. सर हसले. आणि दादाही हसले.

मोठ्या माणसानं काही गमतीनं म्हटलं की आपणही हसायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ज्या माणसाच्या कड्यांनी शहरातली शेकडो झाकणं सरळ उचलली जातात, तो माणूस स्वतःवरच्या विनोदाला मान खाली घालून हसत उभा होता. वेण्या सोडल्या तेव्हा मला लाज वाटली होती. दादा हसले तेव्हा लाज गेली आणि तिथं दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ते अजून उठलेलं नाही.

सरांनी खण उघडून एक कागद काढला. हमीपत्र. 'माझ्या पाल्याने परीक्षेत गैरप्रकार केला असून त्याबद्दल मला खेद आहे. पुन्हा असे घडणार नाही.' म्हणाले, "यावर सही करा. मुलगी दुसऱ्या पेपरला बसू शकते. आम्ही काही दुष्ट नाही."

मी कागद वाचला. तो छापील होता. नावाची तेवढी जागा रिकामी. खणात तसल्या कागदांचा गठ्ठाच होता. तेरा वर्षांच्या पोरीला एवढं तरी समजतं, की कागद छापून ठेवलाय म्हणजे तो नेहमी लागतो. माझ्याआधी कुठून कुठून आलेल्या पोरांच्या बापांनी याच टेबलाशी वाकून सह्या केल्या असतील. कन्नडच्या, सिल्लोडच्या, सोयगावच्या. आणि ती पोरं मग चोर म्हणून मागच्या बाकावर बसली असतील, उपकार झाल्यासारखी.

दादांनी पेन मागितलं.

"दादा, सही करू नका."

"आगं, एका सहीनं काय हुतंय? तू बस पेपरला."

"मी नक्कल केली नाय."

"मला म्हाईत हाय."

"मग सही कशाची?"

मी दादांच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. मी काही धीट नव्हते. रडत होते, नाक वाहत होतं, मोजे हातात होते.

सर म्हणाले, "विचार कर. अशी संधी पुन्हा येत नाही."

मी म्हणाले, "नको मला."

आम्ही निघालो. काळीपिवळीत दादा खिडकीबाहेर बघत होते. चितेगाव आलं तेव्हा म्हणाले, "एक सहीच तर हुती."

त्यानंतर दादांनी मला कामावर नेणं बंद केलं. कधी कारण सांगितलं नाही. एखादी रीत विचारली तर म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं. तुज्या बुकात बघ." आधी असं कधी म्हणायचे नाहीत. आणि मी? पेपर लिहिताना दुसरी रीत सुचली की मी ती खोडायला लागले. पुस्तकातलीच लिहायची. कुणी विचारलं कुठून आणलं, तर पान दाखवता आलं पाहिजे. वर्गात हात वर करणं सोडलं. ज्या डोक्यानं चार दिवस त्रिकोण काढले होते, ते डोकं मी स्वतःच्या हातानं दाबून ठेवलं. दोन वर्षं. ती दोन वर्षं मला कुणी परत देणार नाही.

अकरावीत राग आणि गणित कसे कुणास ठाऊक एकत्र आले. पुढचं थोडक्यात सांगते. शहरातल्या कॉलेजात शिकले, एम.एस्सी. केलं, संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, मोठ्या संस्थेत गेले. यंदा पेपरात फोटो आला. बिडकीनची गवंड्याची मुलगी वगैरे वगैरे. फोटो आला त्याच आठवड्यात फोन आला.

"मॅडम, आपण आमच्या वर्गाच्या माजी विद्यार्थिनी. यंदाच्या प्रवेश परीक्षेच्या दिवशी छोटासा कार्यक्रम आहे. आपला सत्कार करायचा आहे. माहितीपत्रकात आपला फोटोही टाकतोय."

मी विचारलं, "मी तुमची विद्यार्थिनी कधी होते?"

"जुन्या यादीत आपलं नाव आहे ना मॅडम. दुसऱ्या नंबरवर."

त्यांनी सकाळची यादी पाहिली होती. दुपारी माझं बाक रिकामं होतं, हे कोणत्याच यादीत लिहिलेलं नव्हतं. मी फोन आपटणार होते. पण आपटला नाही. म्हणाले, "मी सरांना भेटायला येते."

तेच ऑफिस, तेच सर. सत्तरी ओलांडलेले, केस पांढरे. मला वाटलं होतं, ते विसरले असतील. विसरले नव्हते. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाले, "त्या दिवशी जरा कडक वागलो तुझ्याशी. पण बघ, त्यामुळंच तू जिद्दीला पेटलीस. नाहीतर एवढी पुढं गेली असतीस का?"

म्हणजे माझी झडती हीसुद्धा त्यांचीच शिकवणी. माझ्या बापावर हसले तेही माझ्या भल्यासाठी. माणूस चोरी करतो, परत येतो आणि म्हणतो, तुझं घर मी हलकं केलं, माझे आभार मान.

ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यातले निम्मे लोक असंच म्हणतात. म्हणून एकदा स्पष्ट लिहून ठेवते. अपमानानं मी घडले नाही. अपमानानं मला दोन वर्षं मुकं केलं आणि माझ्या बापाला कायमचं. घडले असेन तर ते त्याच्या आधी, बीड बायपासला, ओल्या सिमेंटशेजारी उकिडवं बसून.

मी चहा प्यायले. हसले. एवढं मी शिकले होते. म्हणाले, "सर, फोटो टाका. सत्कारालाही येते. माझी एकच विनंती आहे. परीक्षेच्या नियमांत एक नियम घाला. झडती घ्यायची झाली तर सगळ्यांची घ्यायची, पहिल्या बाकापासून."

सर खूश झाले. "वा. समानता. छान विचार आहे." मी नियम लिहूनच नेला होता. त्यांनी तो पुरता वाचलाही नाही, खाली झोकात सही केली. माहितीपत्रकात तो बारावा नियम म्हणून छापून आला, माझ्या फोटोच्या पुढच्याच पानावर.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सत्कार झाला. शाल, गुच्छ, टाळ्या. पहिल्या पेपरनंतर सरांनी मला ऑफिसात चहाला बसवलं. आणि शिपाई एका मुलीला घेऊन आला. आठवीतली, बारकीशी. घाबरलेली नव्हती, कशाला बोलावलं ते तिला कळलंच नव्हतं.

जुन्या मॅडम निवृत्त झालेल्या. नव्या मॅडम म्हणाल्या, "सर, फर्दापूरहून आलीय. अंकगणितात पैकीच्या पैकी. एकही पायरी लिहिलेली नाही, नुसती उत्तरं."

सर म्हणाले, "जरा बघा हिचं."

माझ्यासमोर. शाल अजून माझ्या खांद्यावर होती. सवय इतकी मुरलेली, की मी समोर बसलेय हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मी मुलीला विचारलं, "नाव काय गं? उत्तरं कशी काढली?"

नाव सांगून ती म्हणाली, "तोंडीच. आमचं लेण्याच्या पायथ्याला दुकान हाय ना ताई. गिऱ्हाईक लई घाई करतंय. लिहीत बसलं तर निघून जातंय."

मी कप खाली ठेवला. "सर, नियम क्रमांक बारा."

"अगं, ते कागदावर ठीक आहे."

"तुमची सही आहे. पालकांच्या हातात छापील प्रत आहे. हिला एकटीला हात लावलात तर मी आत्ता माइकवर जाऊन नियम वाचून दाखवते. एक तर हिला सोडा आणि पेपरला बसवा. नाहीतर सगळ्यांना बघा."

सर तिला सोडू शकले असते. तेवढंच तर करायचं होतं. पण बिडकीनच्या पोरीनं सांगितलं म्हणून माघार घ्यायची? त्यांच्या हाडात ते नव्हतं. चिडून म्हणाले, "घ्या सगळ्यांची."

मुलं दुपारच्या पेपरसाठी बाकांवर येऊन बसली होती. सुरुवात पहिल्या बाकापासून. बाकांचे नंबर फॉर्म भरले त्या क्रमानं असतात. शहरातल्या पोरांचे फॉर्म पहिल्याच दिवशी भरले जातात, म्हणून पुढची बाकं त्यांची. डॉक्टरांची मुलगी, वकिलांचा मुलगा, इंजिनीअरच्या जुळ्या मुली. कंपासपेट्या उपड्या. मोजे काढा. पटांगणात बसलेल्या कुणा आईनं खिडकीतून पाहिलं, आणि पाच मिनिटांत ऑफिससमोर पालकांची गर्दी झाली.

एक गृहस्थ गरजले, "आमची मुलं चोर आहेत का?"

मी तेरा वर्षं या प्रश्नाची वाट बघत होते. माझ्यासाठी तो कुणी विचारला नव्हता. छापील कागदावर सह्या करणाऱ्या कुठल्याही बापाला तो विचारता आला नव्हता. यांना तो आपसूक आला, तोंडात तयारच होता.

सर हात जोडून उभे होते. "गैरसमज झाला. आम्ही दिलगीर आहोत. आपण शांत व्हा." तिसरं बाकही झालं नव्हतं, तेवढ्यात झडती थांबली. माफी किती झटकन येते त्यांच्या तोंडातून, हे मी दारात उभी राहून डोळे भरून बघितलं. मला लई बरं वाटलं. हे लपवत नाही. पहिल्या बाकावरची मुलगी मोजे हातात घेऊन रडत होती. तिचा काही गुन्हा नव्हता. मला ते दिसलं. तरीही मला बरं वाटलं. ते दोन्ही माझ्या पदरात आहे आणि दोन्ही मी झाकत नाही.

फर्दापूरची मुलगी दुपारच्या पेपरला बसली. कागदावर सही न करता.

सगळे गेल्यावर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. "हे तू ठरवून केलंस."

"हो."

"एवढी वर्षं मनात धरून बसलीस?"

"हो सर."

"झालं का आता समाधान? पुढच्या वर्षीपासून झडतीच बंद करतो. हमीपत्रही बंद. अजून काय पाहिजे?"

मी म्हणाले, "बिडकीनला या. माझ्या वडलांसमोर उभे राहा. त्यांना सांगा, की तुमची मुलगी खरं बोलत होती, ती रीत तुमचीच होती, आणि मी हसलो ते चुकलं."

सर म्हणाले, "माझ्या वयाचा तरी मान ठेव."

मी म्हणाले, "माझ्या वडलांचा तुम्ही किती ठेवला होता?" आणि निघाले.

घरी दादांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, गुडघे धरून. आता कामावर जाणं होत नाही त्यांना. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई केलंस. आता सोड बाई. म्हातारं मानूस हाय ते."

"नाय दादा."

"का गं?"

"तुम्हाला सोडायचं तर सोडा. मी नाय सोडणार."

सर अजून आलेले नाहीत. येणार नाहीत, हे मला माहीत आहे. हमीपत्र बंद म्हणाले, पण ते नुसतं तोंडी. म्हणून दर वर्षी परीक्षेच्या दिवशी मी त्या फाटकाशी उभी राहणार आहे. खेड्यातून आलेल्या एकेका पोराला आणि त्याच्या बापाला गाठून सांगणार, की आतमध्ये कोणत्याही कागदावर सही करायची नाही, आणि का करायची नाही. सरांचं नाव घेऊन सांगणार. ते आत जाताना आणि बाहेर येताना त्यांना मी दिसणार. त्यांना पंच्याहत्तरावं लागेल, ऐंशीवं लागेल. मी सव्वीस वर्षांची आहे. मला घाई नाही.